कोपऱ्यातला ठिपका

१

नुकसान पाहून हळहळायची सवय दीक्षा पाईकरावला उरली नव्हती. विमा कंपन्यांसाठी नुकसानीची पाहणी करण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. जळालेली जिनिंग, भिजलेलं सोयाबीन, घाटात कलंडलेला टँकर... ती जायची, बघायची, चार माणसांशी बोलायची आणि कारण लिहून मोकळी व्हायची. पण हिंगोलीत औंढा रोडवरच्या त्या दुमजली इमारतीत रत्नपाल खिल्लारे यांनी तिच्यापुढं डबी उघडली, तेव्हा नुकसान नेमकं कुठं आहे हेच तिला दिसेना.

काळ्या स्पंजावर कॅरमच्या सोंगटीएवढा एक काळा चौकोन होता. त्याच्यावर नाव नाही, आकडा नाही. एका कोपऱ्यात मोहरीएवढा खोलगट ठिपका आणि त्याच्या उजव्या हाताच्या कोपऱ्याला फोड आल्यासारखा फुगवटा, बस.

"हीच ती चिप," रत्नपाल म्हणाले. पन्नाशीला टेकलेला, सडपातळ माणूस. आवाज इतका हळू की ऐकायला पुढं वाकावं लागे. "बंगळुरूच्या एका कंपनीच्या तीन नव्या चिपा येऊन राहिल्यात. एक मोबाईलच्या टॉवरमध्ये बसणार, एक कॉम्प्युटरात. ही मधली. येणारा प्रत्येक संदेश कुठल्या वाटेनं धाडायचा, ते ही ठरवते. तिन्ही एकत्र चालवून दाखवायचं काम आमच्याकडं होतं. आणि ताई, हिच्या आतला अर्धा नकाशा इथं काढलाय. या खोलीत."

हे शेवटचं सांगताना त्यांचा आवाज जरा वर चढला. बंगळुरूची नोकरी सोडून हा माणूस आपल्या गावी आला आणि त्यानं हे उभं केलं, ही गोष्ट हिंगोलीत रिक्षावाल्यालाही ठाऊक होती.

"मग जळली कशी?"

"उलटी बसली. चिप चौकोनी, चारही बाजूंनी बसते. म्हणून हा ठिपका असतो. सॉकेटवर, म्हणजे चिप ठेवायच्या खोबणीवर, पांढरा त्रिकोण आहे. ठिपका त्रिकोणाशी जुळवायचा. त्या दिवशी तो बराबर समोरच्या कोपऱ्यात गेला. वीज दिली आणि संपलं. कंपनीचे लोक समोर उभे होते."

"बसवली कोणी?"

रत्नपालांनी डबीचं झाकण लावलं. "योगेशनं. योगेश राठोड. चांगलं पोरगं आहे. माणसाच्या हातून होतं, ताई. त्याच्यावर काही कारवाई नको."

"त्याच्याशी बोलता येईल?"

"त्याच दिवशी निघून गेला. फोन बंद आहे."

कर्मचाऱ्याची चूक, एवढं लिहून सही केली असती तर दीक्षा दुपारच्या एसटीनं नांदेडला पोचली असती. ती जिना उतरू लागली, तोच मागून जड पावलं आली. रत्नपालांचे थोरले भाऊ रविंद्र होते, या कारखान्याची खरेदी-विक्री बघणारे. तिच्या बाजूनं पुढं जाता जाता ते पुटपुटले, "खरं सांगू का मॅडम? जळली ते बरंच झालं."

२

दीक्षा एसटीला गेली नाही. तिनं रविंद्रांना खालच्या हॉटेलात गाठलं.

"बरं झालं म्हणजे?"

रविंद्रांनी बशीत चहा ओतला. "आमी आधी सौरपंपाचे कंट्रोलर बनवायचो. साधं काम, पण गावोगाव खपायचं. त्यानं ते बंद केलं आणि या चिपांच्या मागं लागला. दोन वर्षं झाली, तो जेवताना बोलत न्हाई, लेकीनं हाक मारली तर दचकतो. म्हणून म्हणलं, बरं झालं. सुटला."

"ती चिप ठेवलेल्या कपाटाची किल्ली कोणाकडं असायची?"

"एक त्याच्याकडं, एक माझ्याकडं." बशी तोंडाशी नेता नेता ते थांबले. "काहून विचारता? पोरानं उलटी बसवली, त्यात किल्लीचा काय संबंध?"

संबंध दीक्षालाही ठाऊक नव्हता. ती परत वर गेली. चाचणीच्या खोलीत ऐश्वर्या नरवाडे एकटीच बसली होती. चिपेच्या नकाशावर रत्नपालांच्या बरोबरीनं काम केलेली ही मुलगी. टेबलावरच्या चौकटीत स्वतःचा फोटो लावण्याऐवजी तिनं चिपेच्या आतला रंगीबेरंगी नकाशा लावला होता.

"तुम्ही हैदराबादला चाललात म्हणे?" दीक्षानं अंधारात दगड मारला. तशी अर्धवट कुजबुज तिनं हॉटेलातच ऐकली होती.

ऐश्वर्याचा चेहरा उतरला. "कोणी सांगितलं? सरांना अजून बोलले नाही मी. पण त्याचा याच्याशी काही संबंध न्हाई. चिप चालली असती तर माझंच नाव झालं असतं. जाळून मला काय मिळणार?"

ते खरं होतं. दीक्षानं खोलीवर नजर फिरवली. बाहेर मे महिन्याचं ऊन डांबर वितळवत होतं आणि इथं एका खुर्चीच्या पाठीवर राखाडी लोकरीचा स्वेटर लटकत होता.

"हा कोणाचा?"

"योगेशचा." ऐश्वर्याला हसू आलं आणि लगेच ओसरलं. "शेवटचे आठ-दहा दिवस सरांनी एसी सोळावर ठेवायला लावला होता. योगेश कुडकुडायचा. मग त्याच्या आईनं घरून स्वेटर धाडला. सगळे हसायचे, हिंगोलीत मे महिन्यात स्वेटर घालणारा एकटाच माणूस म्हणून."

"आधी नव्हता सोळावर?"

"न्हाई. आधी चिप दिवस-दिवस तापवून चालवायचो आम्ही. मग सर म्हणाले, एकच नग आहे, उगाच ताण नको. लांबच्या चाचण्या बंद केल्या त्यांनी."

दीक्षा दाराशी गेली आणि सहज विचारावं तसं वळून म्हणाली, "चिप उलटी बसलेली पाहिली तेव्हा तुम्हाला काय वाटलं?"

"मी कुठं पाहिली? मी पलीकडच्या खोलीत स्क्रीनवर होते."

"मग रविंद्रांनी?"

"दादा खाली होते, पाहुण्यांच्या जेवणाचं बघत." ऐश्वर्या विचार करू लागली आणि बोलता बोलता तिचा आवाज मंदावला. "धूर निघाला तसे सर धावले. सॉकेटचं झाकण त्यांनीच उघडलं, चिपही त्यांनीच काढली आणि डबीत ठेवली. उलटी बसलेली... तसं पाहिलं तर एकट्या सरांनीच पाहिली."

३

सेनगावपर्यंत जीप आणि पुढं तांड्यावर जाणाऱ्या एका पोराची मोटारसायकल, असा दीक्षाचा दुसरा दिवस सुरू झाला. राठोडांच्या घरासमोर लिंबाखाली बाज टाकलेली होती. योगेशची आई भिकाबाई दळण निवडत होती. हिंगोलीहून आल्याचं सांगताच तिच्या हातातलं सूप थांबलं.

"सरांनी धाडलं का?"

"न्हाई मावशी, मी विम्याच्या कामाची."

"आमच्या खानदानात कोणी एवढं शिकलं न्हाई, बाई. याचा आजा बैलावर मीठ वाहायचा. आन् ह्यो मशिनीचं काळीज बनवतो, असं सर म्हणायचे. आता शेजारणीचा मोबाईल बिघडला तर हात लावत न्हाई. मला म्हणतो, याडी, माझ्या हाताला दोष आहे."

योगेश शेतात कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या उपटत होता. उंच, खांद्यात वाकलेला. दीक्षानं आपण कोण ते सांगितलं तशी तिनं काही विचारायच्या आधीच तो बोलला.

"लिहा मॅडम, माझी चूक. सही कुठं करू?"

"आधी सांग तर खरं. कशी बसवलीस?"

"रोज बसवतो तशीच." त्यानं मातीनं भरलेला तळहात पुढं केला, दुसऱ्या हाताची बोटं त्यावर अलगद टेकवली. त्या रानात, त्या उन्हात, त्याच्या बोटांत एकदम वेगळंच कसब आलं. "ठिपका पाहायचा, त्रिकोण पाहायचा. हळूच सोडायची. झाकण दाबायचं. मग परत पाहायचं."

"त्या दिवशी परत पाहिलंस?"

"पाहिलं."

"ठिपका कुठं होता?"

योगेशनं हातावरची माती झटकली. वाऱ्यानं पऱ्हाट्यांचा ढीग खुळखुळला.

"माझ्या डोळ्याला तर त्रिकोणाशीच दिसला होता."

"मग चूक झाली असं कसं म्हणतोस?"

"सर म्हणाले ना." तो जणू लहान लेकराला समजावत होता. "मी तंत्रनिकेतनात नापास व्हायच्या बेतात होतो, तवा सरांनी मला जवळ घेतलं. सोल्डर कसं धरायचं इथपासून शिकवलं. सर कशाला खोटं बोलतील? माझ्याच डोळ्याला भूल पडली असंल. भीती त्याचीच वाटती मॅडम. डोळ्यानं पाहिलेलं जर असं खोटं निघत असंल, तर मी पुन्हा कशाला हात लावू?"

मोटारसायकलवर बसताना दीक्षाच्या मनात एकच विचार होता. दोघांपैकी एकाचं खोटं असणार. आणि कोणाचं, ते माणसांना विचारून कळणार नव्हतं. त्या चिपेलाच विचारावं लागणार होतं.

४

"जळालेलं सॉकेट कुठं आहे?" हिंगोलीत पोचताच तिनं ऐश्वर्याला विचारलं.

ते कपाटाच्या खालच्या फळीवर, जुन्या वायरींच्या मागं सारलेलं निघालं. ऐश्वर्यानं ते दिव्याखाली धरलं. खोबणीच्या तळाशी सुईच्या टोकासारख्या पिनांची जाळी होती. एका कोपऱ्यातल्या पिना काळ्या पडून वितळल्या होत्या.

"त्रिकोणाच्या कुठल्या बाजूला जळलंय?" दीक्षानं विचारलं.

"उजव्या हाताला."

"आणि चिपेचा फुगवटा?"

ऐश्वर्यानं डबी उघडली. "ठिपक्याच्या उजव्या हाताला."

"चिप जिथं जळली तिथंच सॉकेट जळणार ना?"

"तिथंच. दुसरीकडं कसं जळंल?"

"मग फुगलेला कोपरा या काळ्या पिनांवर ठेव. आता ठिपका कुठं येतो?"

ऐश्वर्यानं चिमट्यानं चिप उचलून अलगद ठेवली. ठिपका पांढऱ्या त्रिकोणाला जाऊन टेकला.

"म्हणजे..." ऐश्वर्यानं डोळे ठिपक्याजवळ नेले.

"म्हणजे योगेशनं बराबर बसवली होती. सर म्हणतात तशी बसली असती, तर सॉकेटची दुसरी बाजू जळाली असती."

"पण मॅडम, बराबर बसली तर जळाली काहून? आदल्या दिवसापर्यंत नीट चालत होती."

दीक्षानं चिप उजेडात तिरपी धरली. तिला परभणीचं एक जुनं प्रकरण आठवत होतं. भंगारातल्या चिपा नव्या म्हणून विकणारे भामटे. जुनं नाव घासून टाकायचं, वर काळा लेप द्यायचा आणि लेपावर नवं नाव कोरायचं. वरून पाहणाऱ्याला कधी कळत नसे.

"साफ करायचं रसायन असंल ना इथं? नखांचा रंग काढतात त्या जातीचं?"

ऐश्वर्यानं बाटली दिली. दीक्षानं कापसाचा बोळा भिजवला आणि चिपेच्या पाठीवरून हलक्या हातानं फिरवला. कापूस काळा झाला. आणखी एकदा फिरवला. मोहरीएवढा तो ठिपका पुसट झाला आणि पाहता पाहता नाहीसा झाला. आणि बराबर समोरच्या कोपऱ्यात, लेपाखालून, दुसरा ठिपका वर आला. कारखान्यातून निघताना पडलेला, खरा.

ऐश्वर्यानं तोंडावर हात धरला.

"चिप उलटी बसलीच," दीक्षा म्हणाली. "पण बसवणाऱ्यानं फसून. ठिपकाच खोटा होता."

मागं दार करकरलं. रत्नपाल उंबऱ्यात उभे होते. तो काळा कापूस त्यांनी पाहिला होता.

५

रविंद्रांनाही वर बोलावून घेतलं. कोणी बसलं नाही.

"किल्ली तुम्हा दोघा भावांकडं," दीक्षा म्हणाली. "चिप कपाटातून बाहेर असायची तेव्हा ऐश्वर्याच्याही हाताशी होती. म्हणजे लेप तिघांपैकी कोणालाही देता आला असता. पण लेप देणाऱ्याची एक अडचण होती. चिप जळाल्यावर तिच्याकडं कोणी निरखून पाहायला नको. सॉकेटमध्ये तिला कोणी पाहिली असती, तर ठिपका त्रिकोणाशी दिसला असता आणि मग शंका ठिपक्यावरच आली असती. म्हणून एक माणूस धावत आला, त्यानं ती स्वतःच्या हातानं काढली आणि ठिपका समोरच्या कोपऱ्यात होता असं सांगितलं. हे सॉकेट म्हणतं, तो नव्हता. लेप कोणी दिला ते मी पाहिलेलं न्हाई, पण खोटं कोण बोललं ते इथं लिहिलेलं आहे."

"तो आपलीच चिप जाळंल?" रविंद्र ओरडले. "दोन वर्षं रक्त आटवलं त्यानं!"

"तेच मला सुटत नव्हतं. मग तो स्वेटर आठवला." ती रत्नपालांकडं वळली. "आधी तुम्ही चिप तापवून चालवायचे. मग एकाएकी एसी सोळावर आला आणि लांबच्या चाचण्या बंद झाल्या. चिपेला गरम होऊ द्यायचं नव्हतं. गरम झाल्यावर काय व्हायचं, सर?"

रत्नपाल खुर्चीचा आधार घेऊन उभे होते. त्यांच्या हाताखाली योगेशचा स्वेटर चुरगळला.

"वाटा विसरायची," ते म्हणाले. "तास-दोन तास चालली की एकाचा संदेश दुसऱ्याला धाडायची. चूक माझ्या नकाशात होती, ऐश्वर्या. तुझ्या भागात न्हाई. मला एकट्यालाच दिसली. पुढच्या खेपेसाठी मी दुरुस्ती घालून पाठवलीय, ती चिप नीट चालंल. मला फक्त मधले काही महिने पाहिजे होते. कंपनीचे लोक दिवसभर चालवून बघणार होते."

"मग सांगायचं होतंस!" रविंद्र म्हणाले. "पहिल्या नगात चुका निघतातच, असं तूच म्हणतोस ना?"

"बंगळुरूत निघाली तर ती चूक असते, दादा. हिंगोलीत निघाली की लोक म्हणतात, तरी सांगत होतो. आपल्याला काम मिळालं तवा त्यांच्यातले किती जण हसले, ते तुला माहीत न्हाई."

"आणि योगेश?" ऐश्वर्यानं विचारलं.

"त्याचं नाव घ्यायचं मनातसुद्धा नव्हतं. वीज वर-खाली झाली असं म्हणणार होतो. पण त्यांच्या साहेबानं मीटर पाहिलं. म्हणाला, वीज तर सरळ आहे, मग झालं काय? सगळे माझ्याकडं पाहत होते. तोंडातून निघून गेलं, उलटी बसली म्हणून." ते थांबले. "वाटलं, योगेश म्हणंल की न्हाई सर, मी पाहिलं होतं. मग मी काहीतरी सावरून घेतलं असतं. तो काहीच बोलला न्हाई. माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. त्यानं मान खाली घातली, तवाच सांगायला पाहिजे होतं. न्हाई सांगितलं."

खाली रस्त्यावर ट्रॅक्टर गेला, खिडकीच्या काचा थरथरल्या. दीक्षानं पिशवी उचलली.

"मला खरं तेच लिहावं लागंल."

"लिहा. विमा नको मला. फक्त ते पोचायच्या आधी मला तांड्यावर जाऊ द्या. त्याला हे दुसऱ्या कोणाकडून कळायला नको."

६

जाण्याआधी रत्नपालांनी बंगळुरूला फोन लावून सगळं सांगितलं. पलीकडचा माणूस चिडला नाही, त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि काम काढून घेतल्याचं सांगितलं. चुकीची आम्हाला सवय आहे, तो म्हणाला, लपवण्याची नाही. तांड्यावर निघालेल्या गाडीत रत्नपालांनी हे सोबत आलेल्या दीक्षाला सांगितलं, तेव्हा सेनगाव मागं पडत होतं.

तांड्यावर गाडी थांबली तशी भिकाबाई लगबगीनं पुढं आली. बाजेवर तिनं धुतलेली गोधडी अंथरली. रत्नपाल बसायच्या आधीच तिनं हात जोडले.

"सर, आमच्या पोरानं तुमचं लई नुकसान केलं. आमी फेडू शकत न्हाई. पण त्याला माफ करा. तो झोपत न्हाई."

रत्नपालांना बसवेना. ते तसेच उभे राहिले. योगेश घरातून आला, नेहमीसारखा दोन पावलं मागं थांबला, आणि त्या दोघा मायलेकांसमोर त्यांनी सगळं सांगितलं. ठिपका, लेप, झाकण, ते वाक्य. कुठं काही झाकलं नाही. सांगून झाल्यावर म्हणाले, "तुझ्या डोळ्याला भूल पडली नव्हती, योगेश. तू पाहिलं तेच खरं होतं."

योगेशला आनंद होईल असं दीक्षाला कुठंतरी वाटलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर तसं काही आलं नाही. त्यानं स्वतःचे हात उलटेसुलटे करून पाहिले. मग विचारलं, "चिपेत खोट आहे, हे तुमाला कधी कळलं?"

"तुझा स्वेटर आला त्याच्या आधीच."

"म्हणजे मी रोज तुमच्या शेजारी बसून राहिलो तवा." त्याचा आवाज शांत होता. "सर, तुमी मला सांगितलं असतं, तर मी माझ्या हातानं उलटी बसवली असती. ठिपका खोडायची गरजच नव्हती. वरून म्हणलो असतो, चूक माझी."

रत्नपाल एक पाऊल पुढं आले. "परत ये. मी जाईन बाहेर. ऐश्वर्या आणि दादा चालवतील. तू ये."

"न्हाई सर. तुमचं बोलणं मी डोळ्याच्या वर ठेवलं होतं. आता तिथं काय ठेवू?"

तो वळला आणि शेताच्या वाटेला लागला. चालताना एकदाही त्यानं मागं पाहिलं नाही.

भिकाबाईला चिप, लेप यातलं किती समजलं होतं कोण जाणे, पण लेकाच्या पाठीकडं पाहून तिला समजायचं ते समजलं. जोडलेले हात तिनं केव्हाच सोडले होते. ती आत गेली. रत्नपाल गाडीकडं वळणार तोच ती चहाचा कप घेऊन बाहेर आली आणि त्यांच्यापुढं धरला. तिच्या आवाजात राग नव्हता आणि मघाचं आर्जवही नव्हतं.

"घ्या. दारात आलेल्याला आमी तसंच धाडत न्हाई."

रत्नपालांनी दोन्ही हातांनी कप घेतला आणि लिंबाखाली उभ्याउभ्याच, मान वर न करता, तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्याला.